मुकं जहाज

समुद्रातल्या शांततेसाठी हर्षाली तांडेलला पुरस्कार मिळाला, त्या दिवशी सभागृहाबाहेर ढोल-ताशे होते, आत भिंतीएवढे स्पीकर होते आणि निवेदकाच्या माइकची शिट्टी कुणाच्याही बापाला थांबवता येत नव्हती. तिचं नाव पुकारलं गेलं ते तिला ऐकूच आलं नाही. शेजारी बसलेल्या थोरल्या भावाने, कॅप्टन जयवंत तांडेलने, तिला कोपराने ढोसलं.

"हर्षे, ऊठ. तुलाच बोलावतायत."

"काय?"

"ऊठ म्हणतोय!"

ती वैतागलेल्या चेहऱ्यानेच मंचावर गेली. फोटोतही तशीच आली. प्रमुख पाहुणे म्हणाले, "मॅडमनी समुद्राला गप्प केलं!" टाळ्या पडल्या. हर्षालीला सांगायचं होतं की समुद्राला नाही हो, मी जहाजाला गप्प केलं, समुद्राचं ऐकू यावं म्हणून. पण तोवर माइक पुढच्या माणसाकडे गेला होता.

मुरूडच्या बंदराजवळ वाढलेली ही मुलगी. भाऊ बोटीवर गेला, ही बोटींच्या आवाजामागे लागली. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि कितीतरी लांब पोचतो. ध्रुवाजवळच्या समुद्रात तर वर बर्फाचं झाकण आणि खाली काळोख. तिथले प्राणी डोळ्यांपेक्षा कानांवर जगतात. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फावर वेडेल सील राहतात. नर बर्फाखाली आपली हद्द राखताना शिट्ट्या मारतात, वरून खाली घरंगळत येणारे लांबच लांब सूर काढतात. मादी पिल्लाला हाक मारते, पिल्लू ओ देतं, आणि शेजारी-पाजारी कितीही पिल्लं ओरडत असली तरी आपलं कुठलं ते आईला आवाजावरून कळतं.

या सगळ्यात जहाज येतं. त्याच्या पंख्याची पाती पाणी कापतात तेव्हा त्यांच्यामागे बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. एक बुडबुडा फुटला तर काही नाही. लाखो फुटत राहिले की पाण्यात अखंड गर्जना उठते. मग सील गाणं थांबवतात, किंवा घसा फाडून ओरडतात, किंवा जागाच सोडून जातात. माणसाने रस्त्यालगतचं घर सोडावं तशी.

हर्षालीने शोधलेला उपाय सांगायला सोपा होता. लाटेच्या उंचवट्यावर दुसऱ्या लाटेचा खळगा नेमका आणून बसवला की दोन्ही मिटतात. कानात घालायच्या हेडफोनमध्ये ही युक्ती जुनीच आहे. पण समुद्र म्हणजे काही कानाचं भोक नव्हे. एकदा आवाज पाण्यात पसरला की त्याच्यामागे किती धावणार? म्हणून तिने तो जन्मतो तिथेच गाठायचं ठरवलं. जहाजाच्या पोटाला आणि पंख्याभोवती तळहाताएवढ्या पत्र्यांची एक कातडी बसवली. प्रत्येक पत्रा आपल्यापुरतं ऐकतो आणि त्याच क्षणी उलट धक्का देऊन आवाज मारून टाकतो. कंपनीने या यंत्रणेला 'मौन' असं भारदस्त नाव दिलं. खलाशी तिला 'गप्प' म्हणायचे.

पहिल्या चाचणीला जहाज जयवंतच्याच हाती होतं. बर्फाच्या कडेने ते गेलं आणि पाण्याखालच्या माइकमधून हर्षालीला सीलचं गाणं ऐकू येत राहिलं. थांबलं नाही, मोठंही झालं नाही. तिने हेडफोन काढले आणि ढसाढसा रडली. जयवंतने दुर्बीण डोळ्यांना लावून समोर नसलेलं काहीतरी बराच वेळ पाहिलं.

तिथवर सगळं छान होतं. मग माणसं कामाला लागली.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सीलच्या विणीचा काळ. त्या दिवसांत किनाऱ्याच्या बर्फात जहाज घालायला बंदी होती, आणि नियमात कारण लिहिलं होतं 'आवाजाचा उपद्रव'. आता आवाज गेला, म्हणजे कारण गेलं, म्हणजे बंदीही गेली. ज्या जहाजाला मौन बसवलेलं असेल त्याला वाट मोकळी. नियम बदलणाऱ्या बैठकीला हर्षालीलाही बोलावलं होतं.

"आवाज नाही याचा अर्थ जहाज नाही असा होत नाही," ती म्हणाली.

"पण मॅडम, तुमच्याच अहवालात आहे. उपद्रव शून्य."

"आवाजाचा उपद्रव शून्य."

"तेच ना," अध्यक्ष म्हणाले, आणि चहा आला.

ऑक्टोबरच्या शेवटी 'निःशब्द' नावाचं जहाज दक्षिणेला निघालं. बर्फ इतका जाड असताना आत शिरणारं ते पहिलंच जहाज. कॅप्टन जयवंत. ध्वनी-अधिकारी हर्षाली. मौन नीट चालू आहे असा तिचा शेरा रोज सकाळी लागायचा, त्याशिवाय बर्फात इंजिन सुरू करायला परवानगी नव्हती. बरोबर कंपनीचा ऋषभ गुंदेचा होता, तरतरीत, गोड बोलणारा, कधीही न रागावणारा. त्याने पर्यटन-जहाजांच्या मालकांपैकी काही पाहुणे आणले होते. त्यांना मौन पसंत पडलं तर पुढच्या वर्षी दर आठवड्याला एक जहाज या उपसागरात येणार होतं.

उपसागराच्या टोकाला आपलं संशोधन केंद्र होतं. त्याचं नाव ध्रुवतारा. ध्रुवतारा दक्षिण गोलार्धातून दिसतच नाही, हे नाव ठेवणाऱ्या समितीत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. केंद्राच्या प्रमुख डॉ. सबिना फर्नांडिस रेडिओवर आल्या की पहिला प्रश्न एकच असे. "कांदे आणलेत ना? आम्ही मार्चपासून डब्यातले वाटाणे खातोय."

भरती-ओहोटीने किनाऱ्याचा बर्फ वर-खाली होतो आणि त्याला लांबलचक चीर पडते. तिथे बर्फ कच्चा, म्हणून जहाजाची वाट तिच्याच कडेने जाते. आणि पाण्यातून वर यायला तिथेच भोकं सापडतात, म्हणून सीलही तिच्याच कडेने वितात. हे नवं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

बर्फात शिरल्याच्या दुसऱ्या दिवशी, स्वच्छ उन्हात, पाहुणे कॉफीचे मग घेऊन डेकवर उभे होते. समोर माद्या आडव्या पडल्या होत्या, कुशीत राखाडी केसाळ पिल्लं. जहाज जवळ येत होतं आणि एकही डोकं वर होत नव्हतं.

"अजून झोपलेत बघा!" पाहुण्यांतल्या एका बाई म्हणाल्या. "किती गोड!"

ऋषभने हसून मान डोलावली. यासाठीच तर त्यांना आणलं होतं.

वर ब्रिजवर, सुकाणूच्या खोलीत, जयवंतच्या कपाळाला आठी पडली होती. "हर्षे, हे हलत का नाहीत?"

हर्षाली खिडकीशी उभी होती. ती दुर्बिणीतून माद्यांकडे बघत होती.

"बर्फ एवढा कडकड मोडतोय. तो तरी ऐकू येत असेल ना?"

आणि मग तिला ते कळलं. बर्फ मोडण्याचा आवाज सीलना ऐकू येतच होता. पण बर्फ तर रोजच मोडतो. रोज भरती येते, रोज तो तडकतो, आणि या माद्या त्या तडकण्यातच जन्मल्या, वाढल्या. इंजिनाची गर्जना होती तोवर त्यांना वेगळं काही येतंय हे कळायचं. ती गर्जना हर्षालीने पुसून टाकली होती. मागे उरला तो रोजचा, ओळखीचा, निर्धास्त झोपावं असा आवाज.

"दादा, थांबव. त्यांना वाटतंय भरती येतेय."

जयवंतने इंजिन उलटं फिरवलं. पण एवढं मोठं धूड जागच्या जागी थांबत नाही. जहाजाच्या पुढच्या टोकाखालचा बर्फाचा तुकडा कलला. मादी ऐनवेळी दचकून पलीकडे लोळली. पिल्लू अलीकडे घसरलं, दोन लाद्यांमधल्या काळ्या पाण्यात पडलं, आणि जहाजाच्या रेट्याने लाद्या परत मिटल्या.

डेकवरच्या बाईंच्या हातातला मग तसाच राहिला. जहाज थांबलं.

मादी त्या लाद्यांपाशी सरपटत आली, नाक घासत राहिली, मग शेजारच्या भोकातून पाण्यात गेली.

धावत ब्रिजवर आलेला ऋषभ पहिला बोलला. "वाईट झालं. खरंच. पण मॅडम, हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. मौन तसंच ठेवायचं आणि पुढे एक इशाऱ्याचा भोंगा लावायचा."

हर्षालीने त्याच्याकडे पाहिलं. "आवाज बंद करायचं यंत्र बसवलं. आता त्याच्यापुढे आवाज करायचं यंत्र बसवायचं?"

"नियंत्रित आवाज."

"भोंगा वाजला की आई पाण्यात जाईल. पिल्लू आठ-दहा दिवसांचं, त्याला धड पोहता येत नाही. ते बर्फावरच राहील. मग?"

ऋषभने क्षणभर विचार केला. "ऑर्काचा, त्या शिकारी देवमाशाचा आवाज? रेकॉर्ड केलेला? सील ऑर्काला घाबरतात ना?"

"घाबरतात. आणि घाबरून कुठे जातात माहीत आहे? पाण्यातून वर. बर्फावर. म्हणजे जे पाण्यात आहेत तेही आपल्या पुढ्यात येऊन झोपतील!"

"ओके, ऑर्का नको," ऋषभ म्हणाला. तो अजूनही रागावला नव्हता, आणि हर्षालीला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. "मग तुम्हीच सुचवा, मॅडम. आपल्याला उपायावर बोलायला हवं."

"उपाय आहे. यायचं नाही. डिसेंबरात पिल्लं नीट पोहायला लागतात. तेव्हा यायचं."

"हे काही तांत्रिक उत्तर नाही झालं."

"तेच ना!" हर्षाली ओरडली.

त्या ओरडण्यानंतर जी शांतता पडली, तिच्यात कोपऱ्यातल्या स्पीकरकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. पाण्याखालच्या माइकचा आवाज दिवसभर ब्रिजवर चालूच असे, आणि आतापर्यंत कुणी तो कान देऊन ऐकला नव्हता. एक हाक येत होती. खालून वर चढणारी, जराशी घोगरी. मग थांबायची, ओ येण्याइतका वेळ. मग पुन्हा तीच.

डेकवरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "हा कसला आवाज आहे?"

हर्षालीने सांगितलं.

कुठल्याही साध्या जहाजावर हे ऐकू आलं नसतं. इंजिनाच्या घरघरीत ती हाक बुडून गेली असती, आणि जहाज पुढे निघून गेलं असतं. 'निःशब्द'वर ती इतकी स्वच्छ येत होती की मधला श्वासाचा फूत्कारसुद्धा कळत होता.

"बंद कर ते," जयवंत म्हणाला.

"नाही."

"हर्षे, बंद कर म्हणतो."

"अर्धं आयुष्य घालवलं मी यासाठी. हेच ऐकू यावं म्हणून. आता ऐक."

जयवंतने तिला दंडाला धरून शेजारच्या नकाशांच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"मला काय कळत नाही असं वाटतं तुला?" त्याचा आवाज दबका होता. "मी चालवत होतो जहाज. मी! पण मी करू काय? आवाज केला तर तुझा नियम मोडतो. नाही केला तर हे असं होतं. पुढे केंद्रावर माणसं वाट बघत बसलीत. अर्ध्या वाटेतून परत फिरलो तर पुन्हा या कामात मला कुणी होडी तरी चालवायला देईल का?"

"माझा नियम नाहीये तो, दादा. मी तर नको म्हणाले होते."

"यंत्र तर तुझंच आहे ना?"

ती बर्फाच्या नकाशावर हात टेकून उभी राहिली. पुढची सगळी चीर तिथे आखलेली होती, आणि सकाळी ड्रोनने टिपलेले सील तिच्यावर ठिपक्यांसारखे होते. माळेतल्या मण्यांसारखे, पार केंद्रापर्यंत.

"मी उद्या शेरा देणार नाही," ती म्हणाली. "उद्या कशाला, आत्ताच काढून घेते. मग मागे फिरण्यापुरतं सोडलं तर तुला इंजिन चालवताच येणार नाही. तुझ्यावर काही येणार नाही. मीच अडवलं असं सांग."

"म्हणजे मी बहिणीच्या पदराआड लपू?"

"लपू नकोस. पण पुढे जाऊ नकोस."

तिने परवाना देणाऱ्या कार्यालयाला उपग्रह-फोन लावला. पलीकडचा अधिकारी सभ्य होता आणि जेवायला निघाला होता.

"मौन अयोग्य म्हणून नोंदवायचंय? ठीक. बिघाड कशात आहे, मॅडम? पत्रे, वीज की संगणक?"

"बिघाड नाही. अगदी उत्तम चालू आहे."

"मग अयोग्य कसं?"

"उत्तम चालू आहे म्हणूनच अयोग्य आहे. सीलना जहाज आल्याचं कळत नाही. पिल्लू मेलं."

पलीकडे थोडा वेळ कळफलक वाजला. "मॅडम, तसा पर्याय नाहीये इथे. पत्रे, वीज, संगणक. यातलं एक निवडल्याशिवाय स्क्रीन पुढे जात नाही."

हर्षालीने डोळे मिटले. 'पत्रे' म्हणाली असती तर काम झालं असतं. जहाज थांबलं असतं, मुंबईत पत्रे बदलले असते, आणि पुढच्या ऑक्टोबरात तेच जहाज याच चिरेत परत आलं असतं.

"मग स्क्रीन पुढे जाऊ देऊ नका," ती म्हणाली. "मी ध्वनी-अधिकारी आहे. मी शेरा देत नाही. यंत्र ठीक आहे, वेळ चुकीची आहे. हे माझं बोलणं रेकॉर्ड होतंय ना? होऊ द्या."

फोन ठेवून ती वळली तर दारात जयवंत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो ब्रिजवर गेला आणि जहाजभर ऐकू जाईल असा माइकवर बोलला.

"कॅप्टन बोलतोय. आपण पुढे जाणार नाही. आलो त्याच फोडलेल्या वाटेने, अगदी सावकाश, बर्फाच्या कडेपर्यंत मागे जाणार आहोत. हा निर्णय माझा आहे."

'माझा' या शब्दावर त्याने असा जोर दिला की हर्षालीला रागही आला आणि रडूही.

डॉ. फर्नांडिस रेडिओवर भडकल्या. "म्हणजे? अहो, धूर दिसण्याइतके जवळ आहात तुम्ही! माझी माणसं माझ्या जिवावर उठतील!" मग हर्षालीने त्यांना स्पीकरमधली ती हाक थोडा वेळ ऐकवली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "आम्ही इथे खिडकीतून रोज बघतो ना त्यांना." आणि मग पुन्हा चिडून, "बरं, कांदे कसे पोचवणार ते सांगा."

जहाज मागे फिरवण्याआधी कांदे माणसांनी ओढून नेले. चिरेपासून दूर, पक्क्या बर्फावरून, घसरगाड्यांना दोर बांधून. औषधं आधी, मग भाज्या, फळं, दुधाचे डबे. मोटारीची गाडी हर्षालीने वापरू दिली नाही, म्हणून खलाशांनी तिला मनसोक्त शिव्या दिल्या. समोरून केंद्रातली दाढ्या वाढलेली माणसं दोर घेऊन आली. ऋषभ गुंदेचानेही एक दोर खांद्यावर घेतला. अर्ध्या वाटेवर तो दम लागून बर्फात बसला आणि पहिल्यांदाच वैतागून म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार त्रासदायक बाई आहात."

"तेच ना," हर्षाली म्हणाली आणि त्याला हात देऊन उठवलं.

परत आल्यावर व्हायचं ते झालं. कंपनीने तिला मौनपासून दूर केलं. जयवंतकडून जहाज काढून घेतलं. तो मुरूडला घरी बसून राहिला, आणि तिचा फोन आला की वहिनी, दीपाली, उचलायची. "बाहेर गेलेत," ती म्हणायची, आणि मागे टीव्हीवरच्या बातम्यांचं चॅनल बदललेलं हर्षालीला ऐकू यायचं.

चौकशीत तिला सात-आठ जणांसमोर उभं केलं. चौकशी समितीचे अध्यक्ष दमलेले होते.

"बाई, तुम्ही आधी म्हणालात आवाज नको. आता म्हणता शांतता नको. तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

"ऑक्टोबरात जहाज नको."

"आवाजाचं?"

"आवाजाचं नको. मुकंही नको."

"मग या मौनचा उपयोग काय?"

"बाकीच्या महिन्यांत आहे. खूप आहे. पण सीलच्या घरात आत्ता जावं की नाही, ते यंत्र सांगत नाही. ते आपलं आपणच विचारायचं असतं."

मग तिने ती हाक ऐकवली. पर्यटन-जहाजवाल्या त्या बाईही न बोलावता आल्या होत्या. आपण जहाज का पाठवणार नाही हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं आणि निघून गेल्या.

बंदी परत आली. सगळीकडे नाही, त्या एका उपसागरापुरती आणि लगतच्या किनाऱ्यापुरती. नियमातलं कारण मात्र बदललं. 'आवाजाचा उपद्रव' याच्या जागी 'विणीचा काळ' असं लिहिलं गेलं, आणि ते काढून टाकता येईल असं यंत्र अजून कुणाला सुचलेलं नाही. दुसऱ्या किनाऱ्यांसाठी कंपनीने 'मौन प्लस' बाजारात आणलं. त्यात पुढच्या बाजूला भोंगा आहे. जाहिरात पाहून हर्षालीने फोन पलंगावर फेकला, मग उचलला आणि पुढच्या किनाऱ्याच्या सुनावणीची तारीख विचारायला नंबर फिरवला. हे असं आता वर्षानुवर्षं चालणार, हे तिला दिसत होतं.

उन्हाळ्यात एका दुपारी जयवंतचा फोन आला. आपणहून, पहिल्यांदाच.

"एक बोट मिळालीय," तो म्हणाला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "दुसऱ्या मालकाची. मौन बसवलेली. दक्षिणेलाच जायचंय, दुसऱ्या किनाऱ्याला. तिथे बंदी नाही."

"हं."

"मालक म्हणतो ऑक्टोबरात निघू. मी म्हटलं, विचारून सांगतो."

"कुणाला विचारून?"

"आता कुणाला म्हणून काय विचारतेस? तिथली पिल्लं कधी पोहायला लागतात ते सांग."

"डिसेंबरच्या मध्यावर," ती म्हणाली. "आणि चिरेच्या कडेने जाऊ नकोस. लांब पडेल, पण जाऊ नकोस."

"मालक चिडेल."

"चिडू दे."

"मी पण अजून चिडलेलोच आहे, हर्षे."

"माहीत आहे, दादा."

"डिसेंबर, मग," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.